ऑनलाइनभाऊंची वही

“डोक्यात नको ठेवू. माह्याजवळ ठेव.”

एवढं बोलून ते काउंटरखालून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली वही काढायचे, फडकं झटकायचे आणि पेनाचं टोपण दातात धरून समोरच्या माणसाचा पासवर्ड लिहून घ्यायचे.

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईबाबांच्या आधी ऑनलाइनभाऊंचं नाव घेतो. आई रागावत नाही. तिचंही मत तेच आहे. ऑनलाइनभाऊ हे त्यांचं खरं नाव नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण आमच्या सावली गावात ती पाटी कोणी वाचत नव्हतं. बसस्टँडजवळ उतरायचं आणि “ऑनलाइनभाऊ कुठी?” विचारायचं, म्हणजे पोचलात.

दुकानात एक संगणक, एक प्रिंटर आणि एक टेबलफॅन होता. फॅनचं तोंड माणसांकडे नव्हतं, संगणकाच्या डब्याकडे होतं. “मानसाले घाम आला त पुसता येते,” असं त्यांचं म्हणणं. धानाची विक्री नोंदवायची असो, जातीचा दाखला असो, शिष्यवृत्ती असो, सगळं त्या एका खिडकीतून व्हायचं. आणि प्रत्येक कामाला सरकारला एक पासवर्ड लागायचा.

“बैलाचं नाव का तुमच्या?” भाऊ विचारायचे.

“राजा.”

“राजा, मंग ॲट, मंग एक दोन तीन. झालं. डोक्यात नको ठेवू. माह्याजवळ ठेव.”

बायकांना ते माहेरचं गाव विचारत. “नवऱ्याचं नाव नको बाई. ते साऱ्या गावाले माहीत असते. माहेर कसं, बाई विसरत नाई अन् दुसऱ्याले सुचत नाई.” माझ्या आईचा पासवर्ड तिचं माहेर होतं. आमच्याकडे बैल नव्हता. म्हणून दहावीनंतर माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, “तुले का व्हाचं हाय?” मी म्हणालो, साहेब. त्यांनी हसू न येऊ देता साहेब लिहिलं, पुढे ॲट, एक दोन तीन.

माझं शिक्षणही त्यांच्याच हातून घडलं. बारावीनंतर मला कॉमर्स हवं होतं. यादीत कॉमर्सच्या खालची ओळ गुन्हेशास्त्र आणि सायबर गुन्हे अशी होती, आणि भाऊंच्या माउसचं चाक ढिलं होतं. फॉर्म गेला.

“भाऊ, हे काऊन लागलं?”

“लागलं त लागलं,” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “पोलिसात घेतात याच्यात. कॉमर्सवाल्याले कोन घाबरते?”

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातले लोक माझ्याशी जरा जपून बोलायला लागले. मी शिकायचं ठरवलं.

मी शिकलो ते कॉलेज चंद्रपूरला आहे. नाव घेत नाही, कारण माझा मायग्रेशनचा दाखला अजून तिथेच आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम नवा होता आणि आमचे विभागप्रमुख सर मूळचे समाजशास्त्राचे. माणूस मनापासून शिकवायचा. लॅबमधल्या संगणकांवर मात्र कायम कव्हरं असत, कारण विद्यार्थ्यांचा हात लागला की व्हायरस शिरतो, असं सरांचं मत होतं. त्यामुळे सायबर गुन्हे आम्ही वहीत शिकलो. खोटी लिंक कशी दिसते, हे सरांनी फळ्यावर खडूने लिहून दाखवलं आणि खाली निळ्या खडूने रेघ मारली, कारण लिंक निळी असते. आम्हीही निळी पेनं काढून रेघा मारल्या. सरांचा स्वतःचा पासवर्ड त्यांच्या कीबोर्डखाली चिकटवलेला होता. कीबोर्ड उचलून बघणं हे प्रात्यक्षिकात नव्हतं, तरी ते आम्ही सगळ्यांनी केलं.

पहिल्या वर्षी पासवर्ड भक्कम कसा असावा, हा धडा झाला. लहान अक्षर, मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, आणि अर्थ कशालाच नाही. मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर साहेब काढून टाकला आणि सोळा अक्षरांचा एक भयंकर पासवर्ड ठेवला. शनिवारी गावी आलो तो कागद दाखवायला. भाऊंनी एकदा वाचला.

“हे का हाय बे? ट्रकचा नंबर?”

“भाऊ, असाच ठेवाचा असते. कोनाले सांगाचा नसते.”

“बरोबर हाय,” म्हणत त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात मी तो विसरलो आणि कागदही हरवला. फोन केला तर भाऊंनी गुपचूप सांगितला. चिडवलं नाही. हे मला जास्त लागलं.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. सर म्हणाले, पुस्तकातलं नको, जिवंत नमुना आणा. मी विषय घेतला ‘ग्रामीण भागातील सायबर सुरक्षेचा कच्चा दुवा’, आणि लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पिवळं फडकं होतं. संशोधनात नाव द्यायचं नसतं म्हणून मी ‘व्यक्ती क्ष’ लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत टाइप करायला कागद कोणाकडे नेणार? सावलीत दुसरं होतंच कोण? व्यक्ती क्षकडेच नेले.

भाऊ दोन बोटांनी आणि मोठ्याने वाचत टाइप करायचे.

“‘व्यक्ती क्ष ही स्वभावाने प्रेमळ असली तरी’... हं... ‘सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक आहे.’ लय भारी लिहून राह्यला बे. कोन हाय हा?”

“असाच एक.”

“सावध राह्यलं पाह्यजे अशा लोकायपासून.”

आणखी एक पान झालं. “‘सर्व नागरिकांचे पासवर्ड एकाच वहीत असून सदर वही पिवळ्या’...” बोटं थांबली.

“मीच न?”

मी प्रिंटरकडे बघत राहिलो.

“खोटं नाई लिहलं तू,” ते म्हणाले. “वही हाय. फडकं पिवळंच हाय.” आणि फडकं हा शब्द टाइप करून पुढे गेले. सगळं संपल्यावर खुर्ची मागे सारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “फोटो काऊन नाई लावला? फोटो असला का मार्क जास्त भेटतात.”

“भाऊ, ओळख गुप्त ठेवाची असते.”

“मी नाव कुठी टाकून राह्यलो? फोटो टाकून राह्यलो.”

त्यांनी भिंतीवरच्या आरशात केस विंचरले, बाहेर जाऊन पाटीखाली उभे राहिले आणि मी माझ्या मोबाइलवर फोटो काढला. तो त्यांनीच पानाच्या मधोमध बसवला, कडेने चौकट दिली आणि खाली लिहिलं : छायाचित्र क्रमांक एक, व्यक्ती क्ष.

माहिती देणाऱ्याची ओळख का जपावी, यावर त्याच वर्षी मी परीक्षेत दीड पान लिहून आलो होतो. फोटोला मी नाही म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. मला मार्क हवे होते.

मार्क मिळाले. सरांना प्रकल्प इतका आवडला की त्यांनी तो ओळखीच्या एका वार्ताहराला दिला. बातमी आली. तिच्यात सरांचा फोटो मोठा, ‘एका विद्यार्थ्याने’ म्हणून मी, आणि खाली भाऊंचा फोटो. संबंधिताची ओळख गुप्त ठेवण्यात आल्याचं बातमीत लिहिलं होतं. फोटोतली पाटी भिंगाशिवाय वाचता येत होती.

चौकशीला सरकारी ऑफिसातून तिघं आले. सावलीत ती पाटी वाचणारे पहिले लोक ते. त्यांनी वही ताब्यात घेतली, फडक्याचीही नोंद केली, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत भाऊंच्या केंद्राचा आयडी, म्हणजे लोकांचे अर्ज भरायचा सरकारी परवानाच, बंद केला. पंचनाम्यासाठी पानापानाचे फोटो काढले. ते फोटो साहेबांना दाखवायला म्हणून कोणीतरी ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. तिथून ते कुठे कुठे गेले, हे मला सांगता येणार नाही, पण दिवस मावळायच्या आत अर्ध्या सावलीच्या बैलांची नावं उरलेल्या अर्ध्या सावलीला कळली होती. काउंटरखाली होती तोवर ती वही भाऊंशिवाय कोणी उघडली नव्हती. सुरक्षेसाठी उचलली त्याच दिवशी ती सगळ्यांनी वाचली.

माझ्यावर लोक चिडले, आणि तेही भांडून नाही. “चोरी झाली होती का कोनाची?” एवढंच शेजारच्या काकांनी विचारलं. मी म्हणालो, नाही, पण होऊ शकली असती. “आता होऊन राह्यली,” ते म्हणाले. त्यात धानाच्या नोंदणीची मुदत तोंडावर आलेली.

मी बसस्टँडवर गेलो तर चहाच्या टपरीपुढच्या बाकावर भाऊ मागून आणलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि पुढे रांग होती. एकेकाचा पासवर्ड बदलून देत होते. असं तीन दिवस चाललं. रांगेत माझी आईही होती.

“बाई, तुमचं माहेर बदलावं लागते आता.”

“माहेर कसं बदलवू भाऊ?” आई म्हणाली.

“बहिनीचं गाव सांगा. तिथं चालू काही दिवस.”

रांगेतली माणसं हसली. आईपण हसली. मी तिच्या मागे उभा होतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, माझा तो मोठा पासवर्ड मला आठवत नाही. भाऊंनी लॅपटॉपवरून डोकंही वर न करता सोळाच्या सोळा अक्षरं टाइप केली. चिन्हांसकट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन दिवस त्यांच्यापुढे एकही कागद नव्हता. वही तर ऑफिसात पडली होती.

“भाऊ, तुमाले पाठ हायेत सारे?”

“मंग?”

“मंग वही कशाले होती?”

“माह्यासाठी नोहती बे,” ते म्हणाले. “एखाद्या दिवशी मी नसलो त तुम्ही लोक का करसान? म्हनून लिहून ठेवली.” आणि मागच्या माणसाला पुढे या म्हणाले.

आयडी परत आला नाही. फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण तो ऑनलाइनच करावा लागतो आणि अर्जदाराचा स्वतःचा ईमेल लागतो. सबंध सावलीचे ईमेल काढून देणाऱ्या माणसाचा स्वतःचा ईमेल नव्हता. “मले कोन पाठवते?” असं ते नेहमी म्हणायचे. चार महिने वाट पाहून ते वडशाला बहिणीकडे गेले. तिथे एका नाटक कंपनीच्या ऑफिसात बसतात आणि कोणत्या गावी कोणत्या दिवशी प्रयोग, ते लिहून घेतात. सावलीतल्या त्यांच्या जुन्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पाटी तीच आहे. उलटी करून मागून रंगवली आहे.

मला नोकरी लागली. कंत्राटी आहे, पण माझ्या विषयातली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळाशाळांत जाऊन मी सायबर जागृती करतो. “ओटीपी कोणाला सांगायचा?” मी विचारतो आणि पूर्ण वर्ग म्हणतो, “कोणालाच नाही.” आठवड्यातून पाच दिवस हे चालतं.

भाऊंना दोनदा फोन केला. ते धानाचं विचारतात. मी धानाचं सांगतो आणि ठेवतो. शेवटी गेल्या महिन्यात पत्र लिहिलं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते असं :

आदरणीय भाऊ,

सप्रेम जयभीम.

फोनवर जमत नाही म्हणून लिहितो. वहीबद्दल मी प्रकल्पात जे लिहिलं ते मला आजही बरोबर वाटतं. पण वही कोणासाठी आहे, हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि ते न विचारताच माझा अभ्यास पूर्ण झाला असं मी समजलो. फोटोला मी नाही म्हणायला पाहिजे होतं. त्यासाठी माफी मागतो.

तुमच्या नावाचा ईमेल मी काढला आहे. पासवर्ड काय ठेवावा, यावर बराच विचार केला, कारण तुमच्या बैलाचं नाव मला माहीत नाही. शेवटी ठेवला एक. तो भेटल्यावर सांगीन. तुमच्या डोक्यात आधीच सारी सावली आहे, हा एक माझ्याजवळ राहू द्या.

आयडीचा अर्जही भरून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे की पासवर्ड वहीतून फुटले नाहीत, पंचनाम्यातून फुटले, आणि तो प्रकल्प लिहिणारा मी आहे. खाली माझं नाव, पत्ता आणि कुठे कामाला आहे तेही लिहिलं आहे. माझी ओळख गुप्त ठेवलेली नाही. नोकरी कंत्राटी आहे, तर लिहू की नको, असं आईला विचारलं. ती म्हणाली, लिही.

आता शेवटचं बटन तेवढं राहिलं आहे. पत्र मिळालं की फोन करा. मी बटन दाबीन. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील आणि त्यांच्या खाली लिहिलेलं असेल की हे कोणालाही सांगू नका. मी रोज शाळाशाळांत हेच शिकवतो.

तरी मले सांगजा.