बेडकाचं ठिगळ

आउग्सबुर्गच्या त्या गल्लीत वालबुर्गाला कोण ओळखत नव्हतं? ती गेली आणि तिच्या नवऱ्याने, छपाईचे लाकडी ठोकळे कापणाऱ्या योब्स्टने, दातदुखीवर जिचा धावा करतात त्या संत अपोलोनियाच्या चित्रात बायकोचाच चेहरा कोरला. चित्रकाराने नाकडोळे नुसते सुचवले होते. योब्स्टने त्यात तिची जराशी मिटलेली डावी पापणी घातली, छाप उलटा उमटतो म्हणून ठोकळ्यावर अर्थातच उजवी. छापून आलं तेव्हा गल्ली रडली. घरोघर दारामागे ते चित्र लागलं.

छापखाना एंड्रेसचा, तिच्या सख्ख्या भावाचा. ठोकळा त्याच्याकडेच राहिला.

यंदा एंड्रेस म्हणाला, "दाजी, पंचांगाच्या चित्राच्या ठोकळ्यात बसवायला एक ठिगळ कापून द्या की. मुठीत लोंबणारा बेडूक. हे माप." योब्स्टने नासपतीच्या लाकडाचा तुकडा घेतला आणि मन लावून बेडूक कापला. त्याच्या अंगावरचे फोड कापताना तर हसूही आलं. काय माहीत बिचाऱ्याला!

बाजाराच्या दिवशी शेजारीण बार्बेल आली आणि तिने एक कागद त्याच्या छातीवर आपटला. "मेल्या, बायको होती ना रे तुझी? माझ्या दारामागची अपोलोनिया चुलीत घातली मी. सगळ्यांनीच घातली!"

कागदावर गाईंचं दूध आटवणारी चेटकीण होती. अपोलोनियाच्याच ठोकळ्यावर तिच्या हातातला दात उपटायचा चिमटा कोरून काढून तिथे योब्स्टचा बेडूक बसवला होता. सांधा कुठे दिसत नव्हता, इतकं चोख माप. आणि वर वालबुर्गाची पापणी.

तो तसाच छापखान्यात धावला. "अरे, बहीण आहे ती तुझी!"

"बहीण मातीत आहे, दाजी. हे लाकूड आहे. नवा ठोकळा कापेपर्यंत लोक थांबतात होय? त्यांना चेटकीण आज हवीय."

"आणि माझ्याच हातून करवलंस?"

"मग? दुसऱ्या कुणाचं ठिगळ इतकं बसलं असतं का?" एवढं बोलून त्या निर्लज्जाने ठोकळा त्याच्यापुढे ठेवला. "घ्या. चेहरा खरवडून टाका. मी नाही अडवत."

योब्स्टने सुरी काढली, टोक पापणीवर टेकवलं. आता तिचा चेहरा उरला होता तो एवढाच. हात काही केल्या पुढे जाईना. तो हमसाहमशी रडू लागला.

हे असंच होणार, हे एंड्रेसला पक्कं ठाऊक होतं. त्याने ठोकळा हळूच ओढून घेतला, त्यावर शाई फिरवली.

"सरका, दाजी. छापायचे कागद भिजवून ठेवलेत, वाळून जातील."