गॅपचं वर्ष

चंदनसारच्या एका शाळेत जयवंती राऊत वीस वर्षं खेळ शिकवत होत्या. मैदान खडीचं, तरी त्यांनी मुलींची हॉकीची टीम उभी केली होती. त्यातली मनवेलपाड्याची ज्ञानदा तांबे, टीमची गोलकीपर, बारावीनंतर राज्याच्या ज्युनियर शिबिरासाठी निवडली गेली. शिबिर वर्षभराचं, त्यामुळे कॉलेज जमणार नव्हतं. जयवंतीबाईंनी नियमावली नीट वाचली. कॉलेजच्या स्पर्धांना एक वर्षाचा गॅप चालत होता.

"बिनधास्त घे गॅप," त्या ज्ञानदाला म्हणाल्या. तिच्या आईची समजूतही त्यांनीच घातली.

वर्षभराने विद्यापीठाचं नवं परिपत्रक आलं. गॅप घेतलेला खेळाडू अपात्र. ज्ञानदाचा खेळाडूंच्या कोट्यातून ठरलेला प्रवेशही त्यापायी गेला.

जुनी नियमावली घेऊन बाई विद्यापीठाच्या कार्यालयात गेल्या. "तिने गॅप घेतला तेव्हा हाच नियम होता ना?"

"तेव्हा होता," कारकून म्हणाला. "आता नाही. नियम सगळ्यांना सारखा."

ज्ञानदा वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. "तुमची काय चूक, मॅडम?" एवढंच ती म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते, तर बाईंना सोसलं असतं.

दोन वर्षांनी, या जूनमध्ये, गॅपची सवलत पुन्हा सुरू झाली, मधल्या काळात अपात्र ठरलेल्यांनाही. 'खेळाडूंच्या हितासाठी', असं परिपत्रकात लिहिलं होतं. बाईंनी लगेच फोन लावला. पलीकडे मशिनींचा खडखडाट होता.

"मॅडम, पॅड केव्हाच देऊन टाकले मी," ज्ञानदा शांतपणे म्हणाली. "ठेवते आता. सुपरवायझर बघतोय."