जेलात न गेलेला माणूस

त्या वहीत माझ्या पणजोबांची सही आहे, हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही.

वही जामखेडजवळच्या आमच्या गावच्या एका मवाळ पुढाऱ्याची. शंभर वर्षांपूर्वी ते मुंबईच्या कौन्सिलात होते. घोषणा कधी दिल्या नाहीत, तुरुंगात कधी गेले नाहीत. जन्मभर अर्ज लिहिले, कौन्सिलात प्रश्न विचारले. त्या प्रश्नांमुळेच गावची सरकारी विहीर दलित वस्तीला खुली झाली. गावाने त्यांना वाळीत टाकलं, पुढच्या निवडणुकीत ते पडले, ते कायमचेच. वाळीत टाकल्याचा कागद त्यांनी वहीत चिकटवून ठेवला होता. खाली सह्या. तिसरी माझ्या पणजोबांची.

आमची शाळाही त्यांनीच काढलेली. शताब्दीच्या स्मरणिकेत त्यांचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथलाच इतिहासाचा मास्तर. त्यांची नात जामखेडला राहायची, नव्वदीला टेकलेली. वही हातात देताना आजी म्हणाल्या, "गुरुजी, लोक त्यांना अर्जवाला म्हणून हसायचे. होते तसेच लिहा. वाढवू नका."

मसुदा वाचून समितीचे अध्यक्ष म्हणाले, "जेलात गेला न्हाई तर पुढारी कसला वो, गुरुजी? सा महिने तरी टाका की! आन् ते विहिरीचं कशाला उकरता? समदं नीट चाललंय आता."

मी नाही म्हणू शकलो असतो. नोकरी काही जाणार नव्हती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. विहीर गाळली की वाळीत टाकणं गेलं, सह्याही गेल्या. मी सहा महिने टाकले.

समारंभात आजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी स्मरणिका चाळली आणि मिटली. मी पाया पडायला वाकलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "कुठल्या जेलात होते हो ते? आम्हाला घरी कळलंच नाही."

मी चहाचं बघतो म्हणून तिथून निघालो. दिवाळीनंतर त्या गेल्या. वही त्यांनी परत मागितली नव्हती.

आता ते सहा महिने शाळेच्या दारातल्या दगडावर कोरलेत. ज्यांच्या पणज्यांनी त्या विहिरीवर पहिला हंडा भरला, त्यांची मुलं तो दगड वाचून माझ्या वर्गात येतात.

मी आजींचं एक पान देणं लागतो. विहिरीचं, वाळीत टाकल्याचं, माझ्या पणजोबांच्या सहीसकट.