संगप्पाचा आरसा

जळकोटचा संगप्पा घड्याळवाला म्हणजे लई तिरसट माणूस. पण त्या साली त्याचे डोळेच जात चालले होते. काचबिंदू! "पुढचा उन्हाळा दिसंल असं धरू नका," लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं. त्याच साली लातूर जिल्हा नवा झाला, पाऊस मात्र काही आला नाही.

एका मासिकात त्यानं एका दीर्घिकेचा फोटो पाहिला होता अन् पार येडा झाला होता. वासुकी तारकासमूहातली दीर्घिका. मधोमध ताऱ्यांचा आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांतून निघून गोल वळलेले हात, त्यांत नव्या ताऱ्यांच्या जागी गुलाबी ठिपके. तिचा उजेड इथं पोचायला दीड कोटी वर्षं लागतात म्हणे. चैत्र-वैशाखात ती चांगली वर येते. डोळे जायच्या आत ती बघायचीच, म्हणून त्यानं दुर्बिणीसाठी आठ इंची काच स्वतः घासली. आता तिचा आरसा व्हायला नुसता चांदीचा मुलामा राहिला होता. त्याला टँकरचं खारं पाणी चालत नाही. म्हणून मोटारीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी बाटलीत भरून त्यानं फळीवर जपून ठेवलं होतं.

हैद्राबादेहून महामुश्किलीनं मिळालेलं चांदीचं सगळं औषध त्यानं त्या पाण्यात सोडलं. अन् पाणी पांढरंफट्ट झालं, नासल्या दुधागत!

"शरणे! ह्या पाण्याला हात कुणी लावला?"

त्याची बायको शरणम्मा पुढं आली. "टँकर आला न्हाई, घरात थेंब नव्हता. लिंगपूजा झाल्याबिगर आत्याबाई घास घेईनात. दोन दिस उपाशी होत्या वो. तुमचंच पाणी दिलं पूजेला. मग टँकर आल्यावर तुमच्या भ्यानं बाटलीत त्याचंच भरून ठिवलं."

संगप्पानं हात उगारला, अन् तसाच खाली आणला. मारून काय होणार होतं? औषध पुन्हा मिळेस्तोवर वैशाख सरणार होता. खेळ खलास.

सकाळी त्याची आई गुरम्मा अंथरुणातून हाका मारू लागली. म्हातारीला ऐकू कमीच, काल काय झालं तिला ठाऊकच नव्हतं.

"संगू, दिसलं का रे तुझं ते?"

"दिसलं, अव्वा," तो तिच्या कानाशी ओरडला. "मधी दांडा हाय. दोन हात हायेत, वळलेले."

म्हातारीनं गळ्यातलं लिंग दोन्ही डोळ्यांना लावलं. "लई झाक झालं. परवा पाणी मिळालं, तवा पूजेत म्या तेच मागितलं बघ."

संगप्पा ओसरीवर जाऊन ढसाढसा रडला.