बाबांच्या वहीतला क्रम

बाबा गेल्यावर त्यांची फोन नंबरांची वही मी संगणकावर चढवली. वहीची पानं सुटत होती, आणि आईला हवं ते नाव सापडत नव्हतं. पीएचपीमध्ये एक साधं वेबपान केलं, प्रत्येक नावापुढे त्याचा नंबर. सगळं भरून झाल्यावर ‘केसॉर्ट’ ही एकच ओळ लिहिली आणि नावं क्षणात अकारविल्हे लागली. ती यादी मी वहीच्या क्रमानं भरलेल्या जुन्या यादीवरच साठवली. वही रद्दीत दिली.

आईनं मोबाइलवर ते पान उघडलं. बराच वेळ बोट वरखाली फिरवत राहिली.

“सापडतंय ना आता पटकन?”

“सापडतंय गं. पण गॅसवाल्याखाली मावशी होती. ती आपल्या गल्लीत राहायला आली, तेव्हाच गॅस मिळाला होता.”

बाबांनी माणसं भेटतील तशी लिहिली होती. ती वही म्हणजे त्यांचं आयुष्यच होतं, ओळीनं. मला मात्र तो पसारा वाटला. आता कोण कुणाच्या आधी आलं, हे त्या यादीला विचारून कळणार नाही.

“वसुधा, तुझा नंबर कितवा होता, आठवतं?”

टाइप करताना माझं लक्ष फक्त आकड्यांवर होतं. मी नकारार्थी मान हलवली.

“पहिला. घरात फोन आला त्या दिवशी त्यांनी आधी तुझ्या हॉस्टेलचा नंबर लिहिला.”

मी यादीत स्वतःला शोधलं. वर्तमानपत्रवाला आणि वायरमन यांच्या मधे होते मी, अगदी बरोबर जागी.