पहिलं पाणी

दर रविवारी मिस्सा संपली की उत्तनच्या आमच्या चर्चच्या ओसरीत मी मुलांना धर्मशिक्षण द्यायची. “स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आयुष्यात कितीदा होतो?” असं विचारलं की मुलं ओरडायची, “एकदाच!” आणि माझी मान ताठ व्हायची. अशा या बाईच्या स्वतःच्या मुलीचं नाव चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाही, हे तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला आठ दिवस उरले असताना कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चूक माझीच होती. रेजिना जन्मली तेव्हा निळी पडली होती, रडली नाही. नवरा होडीवर, समुद्रात. फादरांना बोलवायला सासूबाई धावल्या आणि माझी शुद्ध हरपली. डोळे उघडले तेव्हा पोर कुशीत चुळबुळत होती. सासूबाई म्हणाल्या, “फादर गावले न्हाय, पन पानी घातलंय पोरीला, घोर नको करू.” मरणाच्या दारातल्या बाळाला कोणीही पाणी घालून स्नानसंस्कार देऊ शकतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मी समजले, सासूबाईंनीच दिला. एकदा झालेला पुन्हा करायचा नाही, म्हणून मी मुलीला त्यासाठी चर्चमध्ये नेलंच नाही. नंतर फादरांना कळवून नोंद करायची असते, उरलेले विधी पुरे करायचे असतात, हे मला माहीतच नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी!

फादरांनी साक्षीदार विचारला. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. उरली ती एक बाई. त्या दिवशी गोडदेवहून सुकी मासळी घ्यायला आलेली, माझं कण्हणं ऐकून टोपली दारात ठेवून आत शिरलेली. सुईण होती, हिंदू होती, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. फादर म्हणाले, “नाही सापडली तरी घाबरू नका. ‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून संस्कार देता येतो.” मला हायसं वाटायला हवं होतं. पण शेजारी उभ्या रेजिनाने विचारलं, “आई, म्हंजे मी अजून देवाची न्हाय?” त्या प्रश्नाने माझ्या काळजाचं पाणी झालं. आणि खरं सांगते, वर्गातल्या मुलांसमोर माझी शोभा होईल, ही भीतीही होतीच.

शनिवारी सकाळी मी गोडदेव गाठलं. दारोदार विचारलं. सुईण म्हटल्यावर कोणी एकीचं घर दाखवी, कोणी दुसरीचं. ती कुठेच नव्हती. दुपारी भाईंदरला एसटीच्या थांब्यावर पायांचे तुकडे पडलेली मी बसले आणि मनात म्हटलं, देवा, माझं शहाणपण इथे संपलं. पोर तुझी आहे की नाही ते तुझं तू सांग. आयुष्यात पहिल्यांदाच मी प्रार्थनेत देवाला काही शिकवलं नाही.

थोड्या वेळाने एक म्हातारी टोपली घेऊन शेजारी टेकली. माझ्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, “काय गं, उत्तनची ना तू? पोरगी जगली का?”

मी रडायलाच लागले. जनाकाकी त्यांचं नाव. गोडदेव त्यांनी कधीच सोडलं होतं; आज कित्येक वर्षांनी उत्तनला निघाल्या होत्या, सुकी मासळी घ्यायला. त्यांना घेऊन मी तडक फादरांकडे गेले.

“पाणी कोणी घातलं?” फादरांनी विचारलं.

“मी. हिची सासू तुमालाच बोलवाया गेलेली. हिनंच सांगितलं, डोक्यावर पानी घाल, मी म्हंते तसं म्हन.” आणि जनाकाकींनी ते शब्द जसेच्या तसे म्हटले, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. “मरनाच्या दारात शिकलेलं इसरतं व्हय कोन?”

“त्या वेळी मनात काय होतं?”

“ही बाई म्हंते ते पोरीला मिळावं. दुसरं काय असनार?”

फादरांनी नोंदवही उघडली. “झालाय संस्कार,” ते म्हणाले. “पाणी, ते शब्द आणि ही इच्छा, एवढंच लागतं.” ते शब्द मीच उच्चारले होते आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेजिनाने जिभेवर पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. पुढे काही वर्षांनी महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला आले, तेव्हाही जनाकाकी मागच्या बाकावर होत्या. पोरीच्या कपाळाला पवित्र तेल लागलेलं पाहून त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, “न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, भरवायचं. आमी सुईनी तरी येगळं काय करतो? पन तेल आधी असतं गं, तुमचं सगळं उलटंच!” मला भर चर्चमध्ये हसू आवरेना. वर्षानुवर्षं मी हे तीन संस्कार व्याख्यांसकट घोकून घेत होते. देव आपल्याला बाळासारखं हातात घेतो, हे काकींना एका नजरेत दिसलं.

आता जनाकाकी नाहीत. वर्ग मी अजून घेते, पण सुरुवातीचा प्रश्न बदललाय. मी मुलांना विचारते, “तुमच्या डोक्यावर पहिलं पाणी कोणी घातलं, आठवतं का?” कोणालाच आठवत नाही. मग मी सांगते, “आठवावं लागत नाही, बाळांनो. ज्या देवाने ते घालायला लावलं, त्याच्या लक्षात आहे.”