आतोबांची बांबारा

पश्चिम आफ्रिकेतल्या बांबारा भाषेतले स्वर कुणी गिळले म्हणून जेवण कडू होणारा माणूस साऱ्या नाशकात एकच होता, आणि नेमका तोच माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. मूळचे सटाण्याकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. नव्वदनंतर कधीतरी कारखान्याने त्यांना माली देशात कापसातली सरकी काढायची यंत्रं बसवायला पाठवलं. काही महिन्यांसाठी गेलेला माणूस काही वर्षांनी परतला, तो सेगू नावाच्या गावची बांबारा तोंडात घेऊन.

तिकडे म्हणे भेटल्याबरोबर कामाचं बोलायचं नाही. आधी रात्र कशी गेली, बायको कशी, पोरं कशी, सगळी विचारपूस करायची; आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी उत्तर एकच, 'हेरे दोरोन'. म्हणजे क्षेम, निव्वळ क्षेम. वाईट बातमी सगळं विचारून झाल्यावर. आतोबांनी ही रीत सिडकोत सुरू केली. दूधवाल्याला ते त्याच्या म्हशीपर्यंत सगळ्यांची खुशाली विचारत. तो बिचारा पातेलं भरता भरता म्हणायचा, "म्हस बरी हाय काका, पण मला अजून लय घरं हायेत." एकदा आत्या मोरीत पाय घसरून पडली. आतोबा दारातून आपल्या अहिराणीत विचारते झाले, "बरं शे ना?" आत्या कण्हत म्हणाली, "क्षेम! निव्वळ क्षेम! आता उचला मला!"

पण त्यांचा खरा जीव अक्षरांत. सेगूचा माणूस प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारतो. राजधानीतली, बामाकोची पोरं मात्र मधला स्वर खातात, 'दोरोन'चं 'द्रोन' करतात, 'बिला'चं 'ब्ला'. "'ठेव' म्हणायचं तर नुसतं 'बिला'. तेवढाही वेळ नाही यांना?" असं ते भर पंगतीत विचारायचे, आणि पंगतीतले लोक अपराधी चेहऱ्याने जिलबी संपवायचे. आपणही 'कमळ' म्हणताना शेवटचा स्वर खातोच की, असं मी एकदा म्हणालो, तर पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले.

ही भाषा त्यांना शिकवली तिथल्या कारखान्याच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने. आतोबा तापाने फणफणले होते तेव्हा तोच उशाशी बसून राहिला होता. दर दिवाळी पाडव्याला आतोबा एसटीडी बूथवरून त्याला फोन लावत. त्याच्या शेजारच्या दुकानात फोन वाजे आणि म्हातारा लगबगीने येई. ती भाषा बोलायला त्यांना जगात तेवढा एकच माणूस होता. वर्षातली ती काही मिनिटं आतोबांना वर्षभर पुरत.

एका पाडव्याला मी बरोबर गेलो होतो. फोनवर आला म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा, बामाकोत नोकरी करणारा, तेव्हा गावी आलेला. केबिन इतकी अरुंद की पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. आतोबांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली. एकेका माणसाची चौकशी, आणि दर वेळी तिकडून 'हेरे द्रोन'. मी आतोबांच्या कपाळावर आठी पडायची वाट बघत होतो. पडली नाही. शेवटी त्यांनी वडिलांचं विचारलं. 'हेरे द्रोन.' मग विचारायचं काही उरलं नाही, आणि मुलगा अगदी थोडंसंच काहीतरी बोलला. आतोबांनी डोळे मिटले. म्हातारा ऐन पावसाळ्यातच गेला होता.

आम्ही बाहेर आलो. मी आपलं विचारलं, "आज त्याला टोकलं नाहीत?"

"रडत होता रे पोरगा," आतोबा म्हणाले. "रडताना कुणाला पुरती अक्षरं म्हणता येतात?"

मग आम्ही बूथच्या पायरीवर बसलो. समोर पोरं भुईनळे उडवत होती. आतोबांचे ओठ हलायचे आणि थांबायचे. त्यांना खूप काही बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. पण ज्या भाषेत बोलायचं होतं, ती मला येत नव्हती.